जुनी शिवणयंत्रे: पारख, डागडुजी आणि रोजचा वापर

टीपकाम (धागाकर्ती)

जुने शिवणयंत्र विकत घ्यावे का, घरात आजीचे पडून आहे ते चालू होईल का, आणि झालेच तर त्यावर रोजचे शिवण जमेल का, असे प्रश्न या विभागात निरनिराळ्या धाग्यांवर विखुरलेले दिसतात. त्यांची चर्चा एका ठिकाणी व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. माझे मत आरंभीच सांगते, म्हणजे वाद घालणाऱ्यांची सोय होईल. ज्या यंत्रावर टीप घालता येत नाही, ते यंत्र त्याची सोनेरी वेलबुट्टी कितीही शाबूत असली तरी मी संग्रहात घेत नाही. आणि ज्यावर टीप सरळ, घट्ट आणि दोन्ही बाजूंनी सारखी पडते, त्याचा रंग पार उडालेला असला तरी मला चालतो.

यंत्र पाहायला गेल्यावर पहिली नजर सुई आणि शटलकडे जावी. १८४६ साली एलियास हाउ यांनी टोकाशी छिद्र असलेली सुई आणि खालून दोरा नेणारे शटल यांच्या जोडणीचे पेटंट घेतले, १८५१ साली आयझॅक सिंगर यांना त्यांच्या सुधारित यंत्राचे पेटंट मिळाले, आणि आजचे घरगुती यंत्रही मूलतः त्याच तत्त्वावर टाका घालते. सुई कापडातून पूर्ण खाली जाऊन किंचित वर आली, की तिच्या पाठीशी दोऱ्याचा लहानसा फास सुटतो. शटलचे टोक तो फास पकडते आणि खालचा दोरा त्यात गुंतवते. सुईची लांबी आणि शटलच्या टोकाची वेळ यांचा मेळ केसभर चुकला तरी टाका सुटतो. त्यामुळे ज्या यंत्राची सुईच बाजारात मिळत नाही, त्याचे बाकी सगळे उत्तम असले तरी ते शोभेचेच राहते. सिंगरचे १८६५ साली आलेले ‘न्यू फॅमिली’ यंत्र, ज्याला संग्राहक बारा नंबर म्हणतात, दिसायला अतिशय देखणे आहे, परंतु त्याची सुई वेगळ्या मापाची असून दुकानात सहज मिळत नाही. नवख्याने त्यापासून सुरुवात करू नये.

सिंगरची सत्तावीस आणि अठ्ठावीस नंबरची यंत्रे मात्र खुशाल घ्यावीत. त्यांत बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे शटल पुढे-मागे झुलते आणि त्यात लांब, काडीसारखी बॉबिन बसते. अठ्ठावीस हे आकाराने पाऊण असल्याने हातयंत्र म्हणून सोयीचे पडते. या यंत्रांना आपल्याकडे कोणत्याही शिवणसाहित्याच्या दुकानात मिळणारी चपट्या दांड्याची घरगुती सुई चालते, आणि त्यांच्या बॉबिन व शटल आजही नव्याने बनतात. फक्त विकत घेताना शटल आत आहे का, हे सरकती पट्टी उघडून स्वतः पाहावे, कारण विक्रेते बहुधा यंत्राचा वरचा भागच पुसून ठेवतात आणि खाली काय आहे हे त्यांनाही ठाऊक नसते.

आपल्या वातावरणात सर्वांत सोयीचे यंत्र पंधरा नंबरचे आहे, असे मी म्हणेन. उभी बॉबिन केस असलेली ही रचना इतकी पक्की ठरली की दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखान्यांनी तिच्याच प्रती काढल्या, आणि आपल्याकडची उषा तसेच लुधियानात बनणारी असंख्य नावांची काळी यंत्रेही त्याच घराण्यातली आहेत. परिणामी सिंगर पंधराची बॉबिन केस हरवली असली तर कोपऱ्यावरच्या दुकानातली सहसा बसते. सहासष्ट आणि नव्व्याण्णव नंबरांत बॉबिन आडवी, वरून टाकायची असते. तिच्या कडा किंचित फुगीर असतात आणि ती पंधराच्या सपाट बॉबिनसारखीच दिसते. दोन्हींची अदलाबदल करून ‘यंत्र बिघडले आहे’ असे ठरवणारे पुष्कळ लोक मी पाहिले आहेत.

जुनाबाजार

धाग्याबद्दल आभार. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात मी बऱ्याचदा जातो. तेथे प्रत्येक विक्रेता आपले यंत्र ‘शंभर वर्षांपूर्वीचे, विलायती’ असल्याचे सांगतो. खरे वय ओळखण्याचा खात्रीचा मार्ग कोणता? माझ्या पाहण्यात आलेल्या एका यंत्रावर ‘वाय’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक आहे आणि दुसऱ्यावर पितळी बिल्ल्याभोवती निळी कडा आहे.

क्लाइडकाठ

मी ग्लासगोजवळ राहतो, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर देण्याचा हक्क मला आपोआप मिळाला आहे असे समजतो. सिंगरचा क्रमांक यंत्राच्या तळपाटावर उजव्या बाजूस ठोकलेला असतो. १९०० पूर्वीच्या यंत्रांवर केवळ अंक असत. त्यानंतर अंकांच्या आधी अक्षर येऊ लागले. आपला ‘वाय’ क्रमांक स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथील किल्बोवी कारखान्याचा आहे, ‘एफ’ आणि पुढच्या काळातले ‘ई’ने सुरू होणारे दोन अक्षरी क्रमांकही तिथलेच. ‘जी’ असेल तर यंत्र अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधील एलिझाबेथ येथे बनलेले असते. नंबरामागे ‘के’ लागला असेल, म्हणजे पंधरा के किंवा नव्व्याण्णव के, तर तो ‘के’ किल्बोवीचा.

सिंगरच्या क्रमांकांच्या तक्त्यात क्रमांकासमोर जी तारीख दिसते ती त्या क्रमांकांचा गट कारखान्यात नेमून दिल्याची असते. यंत्र त्यानंतर केव्हा बनले, बोटीने मुंबईला केव्हा पोहोचले आणि केव्हा विकले गेले, हे त्यावरून कळत नाही. निळ्या कडेचा बिल्ला सिंगरच्या शताब्दीचा आहे, १८५१ ते १९५१ अशी वर्षे त्यावर असतात. परंतु तो शताब्दीच्या आगेमागे काही वर्षे बसवला जात होता, त्यामुळे ‘१९५१चेच यंत्र’ असा दावा त्यावरून करू नये. अशा यंत्राला शंभर वर्षे पूर्ण होण्यास अजून अवकाश आहे, हे विक्रेत्यास नम्रपणे सांगता येईल.

किल्बोवीचा कारखाना १८८५ साली सुरू झाला आणि १९८० साली बंद झाला. १९१३ या एका वर्षात तेथून तेरा लाखांच्या आसपास यंत्रे बाहेर पडली. आता कारखान्याची इमारत उरलेली नाही, त्याचा प्रचंड घड्याळाचा मनोराही १९६३ साली पाडला. पण शेजारच्या रेल्वे स्थानकाचे नाव अजून ‘सिंगर’ हेच आहे, आणि क्लाइडबँकच्या संग्रहालयात यंत्रांचा मोठा संग्रह पाहायला मिळतो. वर्षाला लाखोंनी बनलेली वस्तू दुर्मीळ कशी असेल, हा प्रश्न किंमत ठरवताना प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

रत्नदुर्ग

आमच्या रत्नागिरीच्या घरी सिंगरचे पाययंत्र आहे. चाक जेमतेम पाव फिरून अडकते. खाली कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांभोवती गंज दिसतो आणि सगळीकडे पिवळट, चिकट थर बसला आहे. शेजारच्या काकांनी खोबरेल तेल सोडून पाहायला सांगितले, तर एका ओळखीच्या गॅरेजवाल्याने गंज काढायचा फवारा मारण्याचा सल्ला दिला. काय करावे?

टीपकाम

दोन्ही करू नका. तो पिवळट थर म्हणजे कोणे एके काळी घातलेले आणि वाळून वार्निशसारखे झालेले तेलच आहे, आणि बहुतेक वेळा त्यात कोणीतरी खोबरेल घातलेले असते, जे थंडीत थिजते आणि वर्षानुवर्षे पडून राहिल्यास डिंकासारखे होते. गंजाचा फवारा तात्पुरता मोकळेपणा देतो, परंतु तो वंगण नव्हे. तो उडून गेल्यावर धातूवर धातू घासतो, शिवाय उडालेले थेंब रंगावर जातात ते वेगळेच.

प्रथम सुई, दाबपट्टी, सुईखालची पट्टी आणि बॉबिन केस काढून ठेवा. दात्यांच्या फटीत कापसाची धूळ दाबून दाबून नमद्यासारखी झालेली असते; ती चिमट्याने उचलून काढा, कारण निम्म्या वेळी ‘अडकलेले’ यंत्र तिथेच अडकलेले असते. नंतर घासल्या जाणाऱ्या प्रत्येक जोडावर आणि तेलाच्या प्रत्येक छिद्रात शिवणयंत्राचे पातळ, पांढरे तेल थेंब थेंब सोडा आणि यंत्र रात्रभर तसेच ठेवा. दुसऱ्या दिवशी चाक जोर न लावता पुढे-मागे हलवा. तेवढ्याने भागले नाही तर आतल्या उघड्या लोखंडी भागांना कुंचल्याने थोडे रॉकेल लावा, तेही रंगाला न लागेल अशा बेताने, आणि मग पुन्हा तेल. डोक्याचे केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा जोडावर धरली तर जुना थर लवकर सुटतो. चाकाला पान्हा लावून हिसका देण्याचा मोह टाळा. ओतीव लोखंड वाकत नाही, तुटते.

आता रंगाविषयी, कारण सर्वाधिक नासधूस तिथेच होते. काळा थर हा भट्टीत भाजलेला डांबरी रोगण असतो आणि तो बराच टणक असतो. त्यावर सोनेरी चित्रे चिकटवून वरून लाखेचा पारदर्शक हात दिलेला असतो. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. स्पिरिट, सॅनिटायझर, काच पुसण्याचे अमोनियायुक्त द्रव, यांपैकी काहीही लावले की लाख जाते, पाठोपाठ सोनेरी रंग जाऊन चित्र आधी रुपेरी होते आणि मग नाहीसे होते. पाणीसुद्धा तडे गेलेल्या लाखेखाली शिरते. मऊ सुती फडक्यावर तेच शिवणयंत्राचे तेल घेऊन हळूहळू पुसणे, हा एकच उपाय मला निर्धोक वाटतो.

कोकणातल्या पावसाळ्यात यंत्राला बाहेरच्या भिंतीलगत ठेवू नये. उघड्या चकचकीत भागांवर तेलाचा पुसट हात असावा, आणि लाकडी पेटीला वाळवी लागली नाही ना, हे खालून टॉर्च मारून पाहावे.

मास्तर_टेलर

आमचे दुकान तीन पिढ्यांचे आहे, त्यामुळे संग्राहकांचे बोलणे ऐकून कधी कधी हसू येते, राग मानू नये. आमच्याकडे सिंगर एकतीस के आहे, ते शिंप्यांसाठीच बनवलेले यंत्र. त्याला मोटार आहे, त्याचा रंग दोनदा बदललेला आहे, आणि ते आजही जाड कोटाचे कापड घेते. घरगुती यंत्रालाही मोटार बसवली तर त्यात एवढे बिघडते काय? ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी पावडी मारत बसावे का?

टीपकाम

मास्तर, आपल्या यंत्राला कोणी नावे ठेवणार नाही, कारण ते रोज चालते. मोटारीला माझाही सरसकट विरोध नाही. माझी अट एवढीच की यंत्राला नवे भोक पाडू नये. ज्या यंत्रांच्या खांबामागे मोटारीसाठी आटे पाडलेली उंचवट्याची जागा असते, तिथे मोटार बसते आणि उद्या काढताही येते. जुन्या यंत्रांना ती जागा नसते आणि मग मेकॅनिक ड्रिल घेऊन बसतो. त्याऐवजी पाययंत्राच्या टेबलाखाली मोटार बसवून पट्ट्यावर चालवणे बरे. रंग बदलण्याबाबत मात्र मी आपल्याशी सहमत होणार नाही. फवाऱ्याचा रंग तेलाच्या छिद्रांत आणि दोऱ्याचा ताण राखणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांमध्ये जातो, आणि अशी ‘नवी’ यंत्रे नंतर आपल्याच लोकांकडे दुरुस्तीला येतात.

मास्तर_टेलर

हे मान्य. चकत्यांमधला रंग मी स्वतः खरवडला आहे. त्यात एक भर घालतो. हातयंत्राचा दांडा बसवायचा तर चाक आऱ्यांचे हवे, कारण दांड्याचे बोट दोन आऱ्यांच्या मधे अडकते. भरीव चाकाच्या यंत्रासोबत वेगळा दांडा विकत घेऊन फसलेले लोक दुकानात येतात.

शंकासूर

समाजमाध्यमांवर जुन्या काळ्या यंत्राला लाखो रुपये मिळतील अशा जाहिराती फिरतात. आमच्या मावशींचा त्यावर पूर्ण विश्वास बसला आहे आणि त्या यंत्राला कोणाला हात लावू देत नाहीत. यात काही तथ्य आहे का?

क्लाइडकाठ

तथ्य नाही, इतिहास मात्र आहे. २००९ साली सौदी अरेबियात अशी आवई उठली की जुन्या सिंगर यंत्रांत ‘लाल पारा’ नावाचा अमूल्य पदार्थ असतो. मोबाइल जवळ नेल्यावर तो बंद पडला तर पारा आहे असे समजायचे, अशी परीक्षाही सांगितली जात होती. एरवी कोणी न विचारलेल्या यंत्रांच्या किमती तेथे अचानक प्रचंड वाढल्या आणि अखेर पोलिसांना लक्ष घालावे लागले. यंत्रात पारा कोणत्याही रंगाचा नसतो. त्यात लोखंड, पोलाद, थोडे पितळ आणि निकेलचा मुलामा असतो. आपल्या मावशींना वाईट वाटेल, परंतु कोणी यंत्राच्या बदल्यात मोठी रक्कम देतो म्हणून आधी ‘नोंदणी शुल्क’ मागू लागला, तर तो फसवत आहे हे त्यांना आजच सांगावे.

खरोखर चांगली मागणी असलेले यंत्र म्हणजे सिंगर २२१, ज्याला फेदरवेट म्हणतात. १९३३ साली बाजारात आलेल्या या यंत्राचे अंग ॲल्युमिनियमचे असून वजन पाच किलोच्या आसपास भरते. गोधडीसारखे तुकडेकाम करणाऱ्या अमेरिकी आणि ब्रिटिश बायका ते वर्गाला उचलून नेतात, त्यामुळे त्याची किंमत टिकून आहे. तिचे कारण उपयोग आहे.

चरखासंघ

विषय यंत्राचाच आहे म्हणून एक नोंद करतो. यंत्रांविषयी कठोर मत असलेल्या गांधीजींनी १९२४ साली शांतिनिकेतनचे विद्यार्थी रामचंद्रन यांच्याशी झालेल्या संभाषणात सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद मानले होते. पत्नीचे शिवणाचे कष्ट पाहून सिंगर यांनी प्रेमापोटी यंत्र शोधले, असे ते म्हणाले होते.

क्लाइडकाठ

नोंद योग्य आहे. सिंगर यांचा संसार मात्र त्या कथेत बसणारा नव्हता. अनेक स्त्रियांपासून त्यांना चोवीस अपत्ये होती, आणि यंत्रामागची त्यांची मुख्य प्रेरणा पैसा हीच होती. यंत्र घराघरांत पोहोचले ते त्यांचे भागीदार एडवर्ड क्लार्क यांनी १८५६ मध्ये सुरू केलेल्या हप्तेबंदीमुळे. हिंदुस्थानात सिंगरचा व्यापार वाढवण्याचे मोठे श्रेय नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी व्यवस्थापकांना जाते, त्यांच्याकडे ब्रह्मदेश आणि सिलोनचाही कारभार होता.

वाकळ

मी जुन्या पाययंत्रावर वाकळी आणि पिशव्या शिवते, म्हणून वापराविषयी लिहिते. या यंत्रांना सरळ टिपेशिवाय काही येत नाही, जुन्या सत्तावीसला तर उलटी टीपही नाही. टीप बंद करण्यासाठी कापड फिरवावे लागते किंवा दोरे ओढून गाठ मारावी लागते. पण जी सरळ टीप येते ती माझ्या नव्या प्लास्टिकच्या यंत्रापेक्षा एकसारखी येते, आणि जीन्सच्या शिवणीचे थर एकावर एक आले तरी सुई थांबत नाही. वेग पायात असल्याने कोपऱ्यावर एकेक टाका मोजून घालता येतो.

जाड कामाला अठरा नंबरची सुई आणि मजबूत दोरा वापरावा. नेहमीच्या सुती कापडाला चौदा किंवा सोळा पुरते. टीप खालून सैल, फासाफासांची दिसली तर लोक बॉबिन केसचा स्क्रू पिळू लागतात, परंतु तेव्हा दोष बहुधा वरच्या टेन्शनमध्ये असतो, आणि अनेकदा दाबपट्टी वर असताना दोरा न ओवल्यामुळे तो चकत्यांच्या मधे गेलेलाच नसतो.

सिंगरसोबत पूर्वी मिळणारे जोडसाहित्य मिळाल्यास सोडू नये. १८८९चे पेटंट असलेली, उघडल्यावर सपाट पसरणारी लाकडी पेटी सर्वांत प्रसिद्ध आहे. तिच्यात चुण्या घालण्याचे, दुमड घालण्याचे आणि पट्टी लावण्याचे भाग असतात. चुण्या घालण्याचे साधन परकर आणि उशांच्या अभ्र्यांना फार उपयोगी आहे. काजाचे साधन वेगळे मिळते, ते यंत्राची सुई आडवी न हलवता कापडच हलवते, त्यामुळे सरळ टिपेच्या यंत्रावरही नीटस काज होते.

सिएटलकर

माझ्याकडे येथे घेतलेले सिंगरचे २०१ नंबरचे विजेचे यंत्र आहे. ते भारतात आईला पाठवण्याचा विचार आहे. आणखी एक अडचण म्हणजे स्वच्छ करून जोडल्यापासून बॉबिन भरताना चाकाचा मधला स्क्रू सैल केला तरी सुई चालूच राहते.

टीपकाम

अमेरिकेतले यंत्र ११० व्होल्टचे असते आणि आपल्याकडे २३० व्होल्ट येतात, म्हणून पुरेशा क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर लागेल. त्याआधी वायरी पाहा. त्या काळातले रबरी आवरण ठिसूळ होऊन मोटारीच्या तोंडाशी भुगा झालेले असते, आणि असे यंत्र जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून नव्या वायरी घातल्याशिवाय आईच्या हाती देऊ नये. २०१चे वजनही फार आहे, पाठवणीचा खर्च विचारून मगच ठरवा.

दुसऱ्या अडचणीचे कारण चाकाच्या स्क्रूखालची चकती आहे. तिला आतल्या बाजूस दोन आणि बाहेरच्या बाजूस तीन कान असतात. स्वच्छतेनंतर ती अर्धा फेरा उलटी बसली की स्क्रू सैल करूनही चाक मोकळे होत नाही. लहान स्क्रू काढा, मोठा स्क्रू काढा, चकती अर्ध्या फेऱ्याने फिरवून पुन्हा बसवा, आणि आतल्या कानांची वाकण बाहेरच्या दिशेने आहे ना, हे पाहा.

सिएटलकर

चकती फिरवल्यावर चाक मोकळे झाले. वायरी मात्र आपण म्हणता तशाच निघाल्या, तेव्हा यंत्र इथेच ठेवतो आणि आईसाठी पुण्यातच पंधरा नंबरचे पाययंत्र पाहतो. जुनाबाजार, येत्या रविवारी आपण जाणार असाल तर कळवावे.

जुनाबाजार

जाणार आहे. शटल, बॉबिन केस आणि चाक पाहून फोटो येथेच टाकतो, क्रमांकासह.